एका चित्रासाठी दोन कार्डे

जयपूरच्या जवाहिऱ्यांकडे पाचूची अंगठी पाहावयास गेलेल्या ग्राहकास आता पुष्कळदा अशी अंगठी दाखविली जाते, की जी अद्याप अस्तित्वातच आलेली नसते. सोने वितळविलेले नसते, खडा कोंदणात बसविलेला नसतो. परंतु संगणकाच्या पडद्यावर ती अंगठी फिरत असते, तिच्या पैलूंवर प्रकाश खेळत असतो आणि पाचूच्या पोटातील हिरवी खोली डोळ्यांना जाणवत असते. पूर्वी हे काम चित्रकार कागदावर अपारदर्शक जलरंगांनी करीत. ती चित्रेही सुंदर असत. तथापि ग्राहकाने ‘खडा थोडा मोठा घेतला तर कसे दिसेल?’ असे विचारले, की चित्र पुन्हा पहिल्यापासून काढावे लागे. संगणकावर खडा क्षणात मोठा करता येतो. वेळ लागतो तो त्यानंतर, म्हणजे त्या आराखड्याचे खऱ्यासारखे भासणारे चित्र तयार करावयास.

हा वेळ किती असतो याची कल्पना यावी म्हणून एक साधे उदाहरण घेऊ. समजा, अंगठी फिरताना दाखविणारी दहा सेकंदांची चित्रफीत करावयाची आहे. सेकंदास ३० चित्रे या हिशेबाने एकूण ३०० चित्रे झाली. एका चित्रास ४ मिनिटे लागत असतील, तर सर्व चित्रांस १,२०० मिनिटे, म्हणजे २० तास लागतील. संध्याकाळी सात वाजता काम लावले, तर फीत दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता हाती येईल. आणि ग्राहक तर सकाळीच येणार आहे. हेच काम दहा तासांत झाले, तर दुकान उघडण्यापूर्वी फीत तयार असेल. अशा वेळी कारखानदाराच्या मनात एक सरळ विचार येतो. संगणकात एक ग्राफिक्स कार्ड आहे. तसेच आणखी एक बसविले, तर काम निम्म्या वेळात होणार नाही काय?

या प्रश्नाचे उत्तर कधी ‘होय’ असे आहे, कधी ‘नाही’ असे, आणि पुष्कळदा ‘दोन कार्डांचे पैसे देऊन दीड कार्डाचे काम मिळेल’ असे. विक्रेत्याच्या तोंडून बहुधा पहिलेच उत्तर ऐकू येते. खरे उत्तर कार्डांवर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ते कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे.

प्रथम एकाच कार्डाकडे पाहू. संगणकाचा पडदा हा रंगीत बिंदूंचा बनलेला असतो. आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदू असलेल्या सामान्य पडद्यावर एकूण २०,७३,६०० बिंदू असतात, आणि चित्र काढणे म्हणजे यांतील प्रत्येक बिंदूचा रंग ठरविणे होय. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हे करू शकतो. परंतु तो एखाद्या विद्वान पंडितासारखा आहे. अवघड काम तो झटपट करील. पण वीस लाख सोप्या बेरजा त्याच्यापुढे टाकल्या, तर त्या उरकता उरकता त्याचा सारा वेळ जाईल. ग्राफिक्स कार्डात याच्या उलट योजना असते. तेथे साधी गणिते करणारे हजारो कारागीर एकाच वेळी बसविलेले असतात. २०२० साली बाजारात आलेल्या एन्व्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०९० या कार्डात असे १०,४९६ गणनाघटक आहेत. म्हणजे एक कार्ड हाच मुळी एक मोठा कारखाना आहे, आणि काम वाटून घेण्याचे तत्त्व त्याच्या पोटातच सामावलेले आहे.

मग दुसरे कार्ड बसविल्याने नवीन काय घडते? दहा हजार कारागिरांचे वीस हजार झाले, एवढाच फरक असता, तर हा लेख येथेच संपला असता. परंतु दोन कारखान्यांच्या मध्ये एक भिंत उभी राहते. एका कार्डातील सर्व कारागीर एकाच कोठारातून माल घेतात आणि त्याच कोठारात तो ठेवतात. हे कोठार म्हणजे कार्डाची स्वतःची स्मृती. आरटीएक्स ३०९० मध्ये या स्मृतीशी होणारी देवघेव सेकंदास सुमारे ९३६ अब्ज बाइट इतकी वेगवान आहे. याच कार्डास शेजारच्या कार्डाकडे काही पाठवावयाचे झाले, तर ते मदरबोर्डवरील मार्गाने जावे लागते. आणि तो मार्ग पूर्ण रुंदीचा मिळाला, तरी त्यावरून एका दिशेने सेकंदास सुमारे ३२ अब्ज बाइटच जाऊ शकतात. जवळजवळ तिसांत एक, असे हे प्रमाण पडते. घरातल्या घरात हातोहात माल फिरावा आणि शेजाऱ्याकडे द्यावयाचा झाला की तो एका अरुंद बोळातून डोक्यावर वाहून न्यावा लागावा, तशी ही स्थिती आहे. म्हणून दोन कार्डांना किती वेळा एकमेकांकडे जावे लागते, यावर सारे काही ठरते.

ज्या कामात हे जाणेयेणे फार होते, त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे संगणकावरील खेळ. आणि दोन कार्डांचा इतिहास सुरू झाला तो नेमका तेथूनच.

१९९८ साली थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीने वूडू-२ हे कार्ड विक्रीस आणले. अशी दोन कार्डे एका चपट्या तारेने जोडण्याची सोय तिने केली होती. चित्रातील आडव्या रेषांची वाटणी मोठ्या युक्तीने केलेली होती: एक रेषा पहिल्या कार्डाने काढावयाची, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने. या वाटणीचा लाभ असा, की चित्राच्या वरच्या भागात निव्वळ निळे आकाश आणि खाली दाट जंगल असले, तरी आकाशाचा सोपा भाग व जंगलाचा अवघड भाग दोघांच्याही वाट्यास सारखाच येई. एका कार्डावर ८०० × ६०० बिंदूंपर्यंतची चित्रे मिळत, तर जोडीवर १,०२४ × ७६८ पर्यंतची मिळू लागली. त्या काळच्या खेळप्रेमी तरुणांना ही जोडी म्हणजे ऐश्वर्याची परिसीमा वाटे. तथापि ही कंपनी फार काळ टिकली नाही. २००० सालच्या डिसेंबरात तिची मालमत्ता एन्व्हिडियाने विकत घेण्याचे जाहीर केले, आणि २००४ साली त्याच ‘एसएलआय’ या आद्याक्षरांखाली, परंतु वेगळ्या पूर्ण नावाने, एन्व्हिडियाने जोडकार्डांची नवी पद्धत बाजारात आणली. पुढच्याच वर्षी एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीची ‘क्रॉसफायर’ ही पद्धत आली.

या नव्या पद्धतींत काम वाटण्याचे दोन मुख्य प्रकार होते. ते समजण्यासाठी जयपूरच्या दक्षिणेस असलेल्या सांगानेरला जाऊन यावे. तेथे लांबलचक मेजावर कापड ताणून लाकडी ठशांनी छपाई करतात. आधी रेखेच्या ठशाने आकृतीची बाह्यरेषा उमटविली जाते, आणि मग तिच्या आत रंग भरणारा, दत्ता नावाचा ठसा येतो. आता समजा, एका कारागिराऐवजी दोघांना कामास लावावयाचे आहे. एक मार्ग असा, की एकाच कापडाचा अर्धा भाग एकाने व अर्धा दुसऱ्याने छापावा. दुसरा मार्ग असा, की पहिले कापड एकाने, दुसरे दुसऱ्याने, तिसरे पुन्हा पहिल्याने, असे आळीपाळीने घ्यावे.

पहिल्या मार्गात अडचण येते ती सांध्याची. दोन अर्धांची नक्षी जेथे मिळते, तेथे दोघांनी एकमेकांकडे पाहूनच ठसा टेकविला पाहिजे. चित्राच्या बाबतीत हा सांधा अधिकच त्रासदायक ठरतो. खालच्या अर्ध्यात तळे असेल आणि त्यात वरच्या अर्ध्यातील डोंगराचे प्रतिबिंब पडत असेल, तर खालचे चित्र काढणाऱ्याला वरचे चित्र ठाऊक असावे लागते. शिवाय कोणती वस्तू कोठे आहे याचे सर्व गणित दोन्ही कार्डांना पूर्णच्या पूर्ण करावे लागते. ते अर्धे होत नाही. म्हणून उत्पादकांचा कल बहुधा दुसऱ्या मार्गाकडे, आळीपाळीच्या पद्धतीकडे, राहिला. यात प्रत्येक चित्र एकेका कार्डाचे स्वतःचे असते आणि सेकंदास मिळणाऱ्या चित्रांची संख्या जवळजवळ दुप्पट होऊ शकते. जाहिरातींतील आकडे या पद्धतीत फार शोभून दिसत.

पण आकडे आणि डोळे यांची साक्ष जुळेना. समजा, एका कार्डास एक चित्र काढावयास सुमारे ३३ सहस्रांश सेकंद लागतात. दोन कार्डे आळीपाळीने काम करू लागली, की सेकंदास ३० ऐवजी ६० चित्रे मिळतील. म्हणजे दर १६-१७ सहस्रांश सेकंदांस एक. परंतु दोन्ही कार्डांची लय नेमकी अर्ध्यावर राहील याची खात्री कोण देणार? पहिल्या कार्डाच्या पाठोपाठ ३ सहस्रांश सेकंदांतच दुसऱ्याचे चित्र आले आणि मग ३० सहस्रांश काहीच आले नाही, तरीही सेकंदाची मोजदाद ६० च भरते. डोळ्यास मात्र ती दोन चित्रे जवळजवळ एकच वाटतात व मधली पोकळी जाणवते. दोन टाळकऱ्यांनी टाळ आळीपाळीने न वाजविता जवळजवळ एकदमच वाजवावा, तसा हा प्रकार होय. खेळाडू त्यास बारीक धक्के म्हणत. दुसरा दोष याहून मूलगामी होता. चित्रे दुप्पट संख्येने आली, तरी प्रत्येक चित्र तयार होण्यास पूर्वीइतकाच वेळ लागे. म्हणून खेळाडूने कळ दाबल्यापासून तिचा परिणाम दिसेपर्यंतचा अवधी काही कमी होत नसे.

शेवटचा आघात झाला तो चित्रणाच्या नव्या तंत्रांमुळे. कडांचा खडबडीतपणा घालविण्यासाठी आधीच्या चित्रातील माहिती पुढच्या चित्रात वापरण्याची पद्धत हळूहळू सर्वत्र रूढ झाली. ज्या क्षणी दुसऱ्या चित्रास पहिले चित्र पाहावे लागू लागले, त्या क्षणी आळीपाळीच्या पद्धतीचा पायाच ढासळला. आता दर चित्रागणिक तो अरुंद बोळ ओलांडावा लागणार होता. २०१५ साली आलेल्या डायरेक्टएक्स १२ या प्रणालीने कार्डांमध्ये काम कसे वाटावयाचे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य खेळ रचणाऱ्यांस दिले. परंतु स्वातंत्र्याबरोबर कष्टही त्यांच्याच गळ्यात आले, आणि दोन कार्डे बाळगणाऱ्या मूठभर ग्राहकांसाठी ते करण्यास फारसे कोणी पुढे आले नाही. १ जानेवारी २०२१ पासून एन्व्हिडियाने आपल्या जुन्या कार्डांसाठी जोडणीच्या नव्या मांडण्या देणे बंद केले. आरटीएक्स ३०९० वर दोन कार्डे जोडण्याचा दुवा होता; २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० वर तोही राहिला नाही. केवळ खेळांसाठी आज कोणी दोन कार्डे घेत असेल, तर त्यास त्यापासून परावृत्त करणे हेच मित्राचे कर्तव्य होय.

आता पुन्हा आपल्या अंगठीकडे वळू. वर सांगितलेले सर्व दोष येथे लागू पडतील असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु तसे घडत नाही, आणि त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे.

रत्नाचे सौंदर्य हे प्रकाशाच्या वळणांत असते. पाचूचा वक्रीभवनांक सुमारे १.५८, तर हिऱ्याचा २.४२ आहे. हिऱ्यात शिरलेला किरण आतल्या पृष्ठभागावर साधारण साडेचोवीस अंशांहून अधिक तिरपा आदळला, तर तो बाहेर पडूच शकत नाही. तो आतल्या आत परावर्तित होतो, पुन्हा दुसऱ्या पैलूवर आदळतो, आणि अशा अनेक फेऱ्या मारून कोठून तरी बाहेर निसटतो. पाचूत शिवाय बारीक तडे व अंतर्भेसळीचे धागे असतात. पाखंड्यांना ते ओळखीचे असतात आणि चित्रात ते नसले, तर खडा काचेचा वाटतो. असे चित्र काढण्याची रीत म्हणजे संगणकाने प्रत्येक बिंदूपासून एक किरण मागे सोडावयाचा, तो कोठे कोठे आदळतो हे मोजावयाचे, आणि हे एकदा नव्हे, तर प्रत्येक बिंदूसाठी शेकडो वेळा, दर वेळी थोड्या वेगळ्या दिशेने करून सरासरी काढावयाची. ब्लेंडर या विनामूल्य प्रणालीत २०११ साली समाविष्ट झालेला सायकल्स हा भाग याच रीतीने काम करतो.

या रीतीत एक किरण दुसऱ्या किरणास काहीही विचारत नाही. प्रत्येकाचा प्रवास स्वतंत्र असतो. अंगठीचा आराखडा, दिव्यांच्या जागा आणि धातूचे गुणधर्म एवढी माहिती दोन्ही कार्डांना आरंभी एकदा दिली, की पुढे त्यांना एकमेकांचे तोंडही पाहावे लागत नाही. शेवटी दोघांचे हिशेब एकत्र केले, की झाले. तो अरुंद बोळ जागच्या जागी असतो. परंतु त्यातून दिवसातून दोनदाच जावे लागत असेल, तर त्याची रुंदी कोण मोजतो?

तथापि येथेही संपूर्ण दुप्पट वेग मिळेलच असे नाही. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने मांडलेला एक हिशेब येथे उपयोगी पडतो. चार मिनिटांच्या आपल्या चित्रात पहिली २४ सेकंदे आराखडा उघडणे, त्याची मांडणी करणे अशा पूर्वतयारीत जातात, आणि ती मुख्य प्रोसेसर एकट्याने करतो, असे समजू. उरलेली २१६ सेकंदे दोन कार्डांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्यास १०८ येतील. आणि एकूण वेळ १३२ सेकंदे होईल. म्हणजे वेग दुप्पट नव्हे, तर सुमारे १.८ पट. चार कार्डे लावली, तर तीन पटींहून किंचित अधिक. आणि हजार कार्डे लावली, तरी तो दहा पटींच्या पुढे जाणार नाही, कारण त्या २४ सेकंदांना कोणीही हात लावलेला नाही. तीनशे चित्रांस या हिशेबाने ११ तास लागतात. ग्राहक सकाळी लवकर येणार असेल, तर हा एक तासही जड जातो.

यावरही एक उपाय आहे, आणि तो म्हणजे खेळांत अपयशी ठरलेली तीच आळीपाळीची पद्धत! एकाच चित्रावर दोन्ही कार्डे लावण्याऐवजी पहिले चित्र एकास व दुसरे दुसऱ्यास द्यावे. एकाची पूर्वतयारी चालू असता दुसरे रंगकामात गुंतलेले असते, आणि मुख्य प्रोसेसर व संगणकाची स्मृती पुरेशी असेल, तर वेळ दहा तासांच्या जवळ येतो. चित्रे थोडी मागेपुढे तयार झाली, तरी येथे पडद्यासमोर कोणी श्वास रोखून बसलेले नसते. मात्र कार्डे सारख्या ताकदीची नसतील, तर १५० आणि १५० अशी सरळ वाटणी करू नये. चपळ कार्ड पहाटेच मोकळे होईल आणि दुसरे सकाळपर्यंत रखडेल. ज्याचे चित्र झाले, त्याने यादीतील पुढचे उचलावे, हीच व्यवस्था बरी.

एका गैरसमजाचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे, कारण त्यापायी पुष्कळांचे पैसे वाया जातात. २४ गिगाबाइट स्मृतीची दोन कार्डे घेतली, म्हणजे ४८ गिगाबाइटचा आराखडा उघडता येईल, असे नाही. दोन्ही कार्डांना संपूर्ण आराखड्याची आपापली प्रत ठेवावी लागते. दोन घरांत दोन पंचांगे असली, म्हणून वर्षाचे दिवस दुप्पट होत नाहीत. आणि कार्डे असमान असतील, तर लहान कार्डात मावेल एवढाच आराखडा दोघांना मिळून पेलता येतो. ज्याची अडचण वेगाची आहे, त्याने दुसरे कार्ड घ्यावे; ज्याची अडचण जागेची आहे, त्याने अधिक स्मृतीचे एकच कार्ड घ्यावे.

आता प्रत्यक्ष पेटीत काय घडते ते पाहू. सामान्य मदरबोर्डावर दोन लांब खाचा असल्या, तरी ग्राफिक्ससाठी प्रोसेसरकडून येणारे मार्ग बहुधा सोळाच असतात. दोन कार्डे बसविली, की ते आठ-आठ असे वाटले जातात; आणि स्वस्त बोर्डावर तर दुसऱ्या खाचेस चारच मार्ग मिळतात. चित्रे काढण्याच्या कामात यामुळे फारसे बिघडत नाही, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल. याचा टोकाचा पुरावा २०२२ पर्यंत जगभर पाहावयास मिळत होता. आभासी चलन ‘खणणारे’ लोक सहा-सहा, आठ-आठ कार्डे लोखंडी मांडणीवर रचून प्रत्येकास एकेकच मार्ग देत, आणि तरीही त्यांचे काम पूर्ण वेगाने चाले. कारण त्या कामात सांगण्यासारखे व ऐकण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. त्या उद्योगाने मानवजातीचे काय भले केले, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका आहे. परंतु वाटणीचे तत्त्व त्याने सिद्ध केले, हे मान्य केले पाहिजे.

विजेचे व उष्णतेचे प्रश्न मात्र असे सुटत नाहीत. आरटीएक्स ३०९० सारखे कार्ड भरकामात ३५० वॉट घेते. बाकीच्या संगणकास १५० वॉट धरले, तर एका कार्डाचा संगणक ५०० आणि दोहोंचा ८५० वॉटवर चालेल. येथे एक अनपेक्षित गोष्ट दिसते. ५०० वॉट २० तास म्हणजे १० युनिट, आणि ८५० वॉट १० तास म्हणजे साडेआठ युनिट! दुसऱ्या कार्डाने वीजबिल वाढत नाही, उलट किंचित घटते, कारण बाकीचा संगणक निम्माच वेळ चालतो. परंतु ही वीज एकदम घेतली जाते, आणि तिची सर्व उष्णता त्याच खोलीत सुटते. जयपुरात मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवलाचे नाही. अशा दिवसांत बंद खोलीत रात्रभर जवळजवळ एक किलोवॉटचा हीटर पेटवून ठेवावा, तसे हे होते. कार्डे एकाखाली एक खेटून बसविली असतील, तर खालच्याने सोडलेली तापलेली हवाच वरचे आत घेते. ते तापले की स्वतःच आपला वेग कमी करते, आणि हिशेबातील दहा तासांचे बारा होतात. त्यात आंधी येऊन गेली, की पंख्यांच्या पात्यांवर व जाळ्यांत बारीक रेतीचा थर बसतो. तो महिना-दोन महिन्यांनी न झाडल्यास दोष कार्डाचा नसून मालकाचा असतो.

यावरचे उपाय साधेच आहेत. दोन कार्डांमध्ये निदान एका खाचेचे अंतर राहील असा बोर्ड घ्यावा. मोठी कार्डे तीन-तीन खाचांची जागा अडवितात, हे मापून पाहावे. विकत घेतल्यावर पेटीच बंद होत नाही, असा प्रसंग विरळा नाही. गरम हवा पाठीमागून थेट बाहेर फेकणारे कार्ड आवाज अधिक करते. पण जोडीने बसविण्यास तेच अधिक योग्य. वीजपुरवठ्याची पेटी १,२०० वॉटच्या जवळपासची असावी. आणि दिवे व पंखे चालविण्यासाठी घेतलेल्या छोट्या इन्व्हर्टरवर हा भार टाकू नये. कार्डाची वीज आज्ञेने पाचव्या हिश्शाने कमी करता येते. वेग त्या मानाने फार थोडा घटतो. उन्हाळ्यापुरते तरी असे करणे शहाणपणाचे होय.

दोन कार्डांनी केलेल्या सर्वांत मोठ्या पराक्रमाचा चित्रे काढण्याशी संबंध नव्हता. चित्रे ओळखण्याशी होता. २०१२ साली टोरँटो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्‌स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी सुमारे १२ लाख चित्रे दाखवून एका कृत्रिम चेताजालास वस्तू ओळखावयास शिकविले. हे जाल सुमारे ६ कोटी संख्यांचे होते, आणि त्यांच्याजवळील जीटीएक्स ५८० हे कार्ड, जे खेळ खेळणाऱ्यांसाठी विकले जाई, त्याची स्मृती अवघी ३ गिगाबाइट होती. जाल एका कार्डात मावेना. तेव्हा त्यांनी ते कापून अर्धे अर्धे दोन कार्डांत बसविले, आणि काही ठरावीक थरांतच दोन्ही अर्धांनी एकमेकांशी बोलावे अशी योजना केली. पाच ते सहा दिवसांत शिक्षण पूर्ण झाले. म्हणजे अंगठीच्या कामात जी स्मृती दुप्पट होत नाही, ती येथे दुप्पट करून घेतली. मात्र त्यासाठी जालाची रचनाच तशी करावी लागली. पुढे पाहता असे आढळले, की एका कार्डातील अर्धे प्रामुख्याने आकार व कडा ओळखू लागले होते, तर दुसऱ्यातील रंग. आणि ही वाटणी त्यांना कोणी शिकविलेली नव्हती.

आजची भाषा व चित्रे निर्माण करणारी अवाढव्य चेताजाले याच मार्गाने पुढे गेली. त्यांच्या शिक्षणात प्रत्येक पायरीनंतर सर्व कार्डांना आपापले निष्कर्ष एकत्र करावे लागतात; म्हणून तेथे बोळ रुंद करण्यावाचून गत्यंतर नसते. आपल्याकडील याचे उदाहरण पुण्यात आहे. १९९१ साली सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ६४ छोटे प्रोसेसर जोडून ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला. एकच प्रचंड यंत्र परदेशातून मिळण्यात अडथळे येत होते, तेव्हा पुष्कळ लहान यंत्रे जोडून तेच बळ निर्माण करण्याचा तो प्रयत्न होता. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ २०२० च्या नोव्हेंबरातील जागतिक यादीत ६३ व्या स्थानी आला. तो ज्या घटकयंत्रांचा बनलेला आहे, त्यांतील प्रत्येकात आठ ग्राफिक्स प्रोसेसर असून, ते मदरबोर्डाच्या मार्गावर विसंबून न राहता, दोन्ही दिशा मिळून प्रत्येकी सेकंदास ६०० अब्ज बाइटच्या खास दुव्यांनी जोडलेले आहेत. या दुव्यांवर झालेला खर्च पाहिला, म्हणजे घरगुती संगणकात ते का नसतात हे कोणासही कळेल.

आपल्या जवाहिऱ्यास मात्र एवढ्या खटाटोपाची गरज नाही. दुसरे कार्ड घेण्यापूर्वी त्याने आपली नेहमीची एक फीत, पूर्वतयारीस किती आणि रंगकामास किती वेळ लागतो हे वेगळे टिपून, एका कार्डावर काढून पाहावी. पूर्वतयारीचा वाटा मोठा निघाला, तर तो पैसा मुख्य प्रोसेसर व स्मृती यांवर खर्च करावा. रंगकामाचा वाटा मोठा निघाला, तर दुसरे कार्ड निःशंकपणे घ्यावे. आणि जुने एखादे लहान कार्ड पडून असेल, तर खाच मोकळी असल्यास तेही फेकू नये. पडद्याची तार त्या लहान कार्डास जोडावी, आणि आराखडा मोठ्या कार्डांपुरताच राहावा म्हणून रंगकामाच्या यादीतून त्यास वगळावे. मग मोठी दोन कार्डे रात्रीची फीत पुरी करीत असता पडदा अडखळत नाही, आणि आराखडा करणाऱ्यास त्याच संगणकावर पुढच्या अंगठीचे काम चालू ठेवता येते.